जुम्म्याचा दिवस ठरवला आहे

हमद टाउन, बहरीन
शुक्रवार, १६ मे २०२५

आदरणीय हुसेनभाई,

अस्सलामु अलैकुम. तुम्ही, भाभी आणि अम्मा खुशाल असाल. मीही बरी आहे. इथे उन्हाळा सुरू झालाय, एसी बंद पडलाय आणि एसीवाला रोज "इंशाल्ला, कल" म्हणतोय. ऑफिसातली इशरत सोमवारी रत्नागिरीला निघतेय. तिच्याबरोबर खजूर, अम्मांच्या गुडघ्यांचं मलम आणि हे पत्र पाठवतेय. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही तो विषय काढता आणि मी फोन ठेवून देते. म्हणून लिहितेय.

नाझिशकडे पोलंडला, क्राकोत, आठवडाभर राहून आले. तुमची पुतणी बारीक झालीय, पण डॉक्टरकीचा अभ्यास नेटाने करतेय. डाळभात स्वतः करते, खाण्यालायक! तिने एक दिवस आम्हा दोघींचं टूरचं बुकिंग केलं. सकाळी बसने न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. ऑशविट्झ म्हणून जागा आहे, हिटलरच्या माणसांनी ज्यू लोकांना कोंडून मारलं ती छावणी. आता तिथे स्मारक आहे. परत आल्यावर ऑफिसात एकाने विचारलंच, "आप उधर कायको गये?" मी म्हटलं, लाखो माणसं मेलीत तिथे, आणखी कारण काय पाहिजे?

गाइड बाई हळू बोलायची, आमच्या कानाला हेडफोन. एका खोलीत काचेमागे बॅगांचा ढीग आहे. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं. बॅग परत मिळणार असं त्यांना सांगितलं होतं, म्हणून ठळक लिहिलेलं. मला तिथे उभं राहवेना. आपल्या दुःखाशी त्यांचं दुःख मापायला मी गेले नव्हते, भाई. तसं मापणं गुन्हा आहे. पण मन कुठे ऐकतं?

मार्चमध्ये तुम्ही म्हणालात, "अम्मा थकल्यात. त्यांच्या डोळ्यांदेखत राहीलची गायबाना जनाज्याची नमाज होऊ दे. मय्यत समोर नसली तरी आपल्या मजहबात चालते." मी फोन आपटला. समुद्रात यांची बोट उलटली तेव्हा बाकीचे तिघं सापडले, हे सापडले नाहीत. सापडले नाहीत म्हणजे गेले, असं कोणी ठरवलं? दोन वर्षं मी हेच घोकतेय. दर शुक्रवारी खाली जाऊन त्यांची गाडी सुरू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. शेजारीण खिडकीतून बघते.

दुपारी दुसऱ्या छावणीत गेलो. मैलभर गवत, हिरवंगार, पाखरं ओरडतायत. आमच्यात कॅनडाची एक ज्यू म्हातारी होती, नातवाला घेऊन आलेली. टोकाच्या स्मारकापाशी तिने एक खडा ठेवला आणि पुटपुटत उभी राहिली. मला राहवलं नाही, विचारलं, कोण होतं तुमचं? म्हणाली, वडील. मी म्हटलं, त्यांची बरसी आज असते का?

ती म्हणाली, "कधी गेले ते कुणालाच माहीत नाही. आमच्यात अशा वेळी घरचे मिळून एक दिवस ठरवतात. आई ठरवूच द्यायची नाही. दारावर टकटक झाली की धावायची. ती गेल्यावर मी दिवस ठरवला. ती असताना ठरवला असता तर बिचारीला एक दिवस तरी पोटभर रडता आलं असतं."

नाझिश माझा हात धरून उभी होती. एरवी सगळं इंग्लिशमध्ये बोलते, तेव्हा मराठीत म्हणाली, "अम्मी, आपण पण ठरवू या ना. मी अजून रडलेच नाही." भाई, माझ्या पोरीला मी दोन वर्षं रडू दिलं नाही. आणि अम्मांना? त्यांचा तर पोटचा मुलगा. मला फार लाज वाटली. बसमध्ये आम्ही दोघी एकमेकींना धरून क्राकोपर्यंत रडलो.

तर ऐका. तीस मे, शुक्रवार. जुम्म्यानंतर जयगडच्या मशिदीत नमाज ठेवा. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगा, पावसाच्या आधी होऊन जाईल. मी अठ्ठावीसला पोहोचते, नाझिश परस्पर मुंबईला उतरेल. त्या वेळी मला अम्मांच्या शेजारी बसायचंय. इद्दतीत किती दिवस घरात बसायचं आणि कसं, ते मौलवीसाहेबांना विचारून ठेवा, ते सांगतील तशी बसेन. जेवणाचं भाभींना बघू दे, यांना मटण खाडीकाठच्या पद्धतीचं आवडायचं, तसंच करा.

अम्मांना आजच सांगा. हळू सांगा, पण सांगा.

दुआमध्ये आठवण ठेवा.

मरहूम राहील यांची बेवा,
रुकय्या