मधल्या दाराच्या मुठी

३ मार्च

स्वयंपाकघराच्या दाराची मूठ उकळायला टाकली. तळ काळा पडलेलं जुनं भांडं, पाणी, मूठभर सोडा. तासाभरात रंगाची साय सुटली! वर पांढरा, खाली हिरवा, त्याखाली वडिलांच्या होडीचा निळा. सगळ्यात खाली पितळ. सहासष्टाव्या वर्षी एवढ्याशा गोष्टीचा एवढा आनंद!

६ मार्च

सहा मुठी झाल्या. सोड्याने बोटांना भेगा.

९ मार्च

उरली मधल्या दाराची.

वडिलांचं घर आम्ही मधोमध वाटून घेतलं. अलीकडे मी, पलीकडे धाकटा भाऊ आर्नफिन आणि त्याची बायको तोरुन. मध्ये हे एक दार. एकतीस वर्षांपूर्वी मी त्याला रंग फासला — मुठीवर, कुलपाच्या भोकात, चौकटीच्या फटीत, पार बुजेपर्यंत. आई गेली तेव्हा मी दूर लोफोटेनच्या बेटांकडे मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकीण होते. आर्नफिनने कळवलंच नाही. परत आले तर माती देऊनही झाली होती. तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द नाही. अंगणात समोर आला तरी मी आपली खाली मान घालून बर्फ उपसत राहते.

आज त्या दाराला हात लावला नाही.

१० मार्च

लावला! खीळ ठोकून काढली, मूठ ओढली. आणि पलीकडे — धप्प!

विसरलेच होते. दोन्ही बाजूंच्या मुठी एकाच लोखंडी दांडीवर असतात. माझी निघाली, त्याची त्याच्या खोलीत खाली पडली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी चोरासारखी उभी.

११ मार्च

तोरुन आली. पुढच्या दाराने, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी.

‘वन्सं, ही तुमच्याकडे यायला निघाली होती. वाटेतच पडली बिचारी.’

म्हटलं, दे इकडे, हीसुद्धा उकळते.

‘हिला कशाला उकळायचं?’

कागद उलगडला. रंगाचा एक ठिपका नाही! नुसतं पितळ — मधोमध झिजलेलं, चकचकीत.

‘रोज सकाळी पुसतात,’ तोरुन म्हणाली. ‘आणि दर नाताळच्या संध्याकाळी दाबून बघतात. मी म्हणते, अहो, पुरे आता! तर म्हणतात, रंग आहे, तडकेल कधीतरी.’

मूठ पुन्हा कागदात गुंडाळून घेऊन ती गेली. तिला कॉफीसुद्धा विचारली नाही मी. सुचलंच नाही.

१२ मार्च

लिहवत नाही.

१५ मार्च

दुपारभर सुरीने फट कापत होते. रंगाची सालं नुसती घरभर. मग दांडी बसवायला घेतली — पण तिला दोन्हीकडे माणूस लागतं. भोकाशी तोंड नेऊन विचारलं, ‘कुणी आहे का?’ वेडी! कुणी म्हणजे कोण असणार?

‘ढकल,’ तो म्हणाला.

ढकलली.

‘थांब. जरा डावीकडे. तुझी डावी गं, ताई.’

ताई!

तशीच वाकून, भोकातूनच विचारलं — का नाही कळवलंस तेव्हा?

त्याने पलीकडे खुर्ची दाराशी ओढली.

‘आईने शपथ घातली होती. म्हणाली, समुद्र खवळलाय, कळलं तर ती मिळेल त्या होडीने निघेल आणि बुडून मरेल. मला वाटलं, आलीस की सांगू. तर तू आल्या आल्या ब्रश घेऊन बसलीस.’

‘मग थाप मारायची दारावर!’

‘मारली होती. तू रंगाचा दुसरा हात द्यायला लागलीस.’

ऐकली होती मी ती थाप. आजवर कुणाला सांगितलं नाही. ऐकली होती.

‘मग मलाही राग आला,’ तो म्हणाला. ‘आणि मग वर्षंच झाली गं.’

दोघांनी मिळून दांडी बसवली. त्याने त्याची मूठ घातली, मी माझी, खीळ ठोकली. पण दाबली कुणीच नाही. त्यानेही नाही, मीही नाही.

१६ मार्च

रविवार. सकाळी आर्नफिन आपला कॉफीचा पेला हातात घेऊन मधल्या दाराने आत आला. दार न वाजवता.