सांगोल्याच्या मोटारीचं चेंबर

सोमवार, ५ मार्च १९३४

इंजिन आलं. मालधक्क्यावरून बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून. विजापूरकडच्या कुणा डॉक्टरच्या मोडक्या मोटारीतलं आहे, आमच्या सांगोल्याच्या सर्व्हिस मोटारीत बसवायचं. जुनं इंजिन जळालं त्याला आज एकोणतीस दिवस झाले. माझी बायको गं. जाऊनही तेवढेच.

मालक आण्णा म्हणाले, "मल्लप्पा, पाडव्याआधी गाडी रस्त्यावर पाहिजे बघ." हो म्हणालो. हल्ली सगळ्यांना हो म्हणतो, सोपं जातं.

घरी अक्कानं ताट वाढलं. गं. गेल्यापासून थोरली बहीण इथेच येऊन राहिली आहे. "ऊट माडो, मल्लू." जेवलो. काय होतं ते आठवत नाही.

मंगळ, ६ मार्च

इंजिन साखळीला टांगून चासीत, गाडीच्या सांगाड्यात, सोडलं. बसत नाही. इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर आड येतं. त्याची खोल बाजू पुढे आहे, ती थेट पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकते. दीड इंचाची खोट.

कासीम ड्रायव्हर खाली वाकला. म्हणाला, "पेट आगे निकल्या इसका, आण्णा सरीका." सगळे हसले, आण्णासुद्धा. मीही हसलो, मग माझाच आवाज ऐकून गप्प झालो.

इंजिन परत वर घेऊन टांगून ठेवलं आहे.

गुरु, ८ मार्च

मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं कार्ड आलं. गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. गौरा बरी आहे. शेळीचं दूध पिते. 'आईला आणायला मोटार कधी जाणार' म्हणून विचारते. खाली मामांचं स्वतःचं म्हणणं, मास्तरांनी जसंच्या तसं उतरवलेलं: 'पोरीला न्यायचं तर बैलगाडी घिऊन या. त्या मोटारीत मी तिला बसू द्यायचा न्हाय.'

गौरा सहा वर्षांची. तिला इथे आणायचं, अक्काजवळ ठेवायचं, जूनमध्ये शाळेत घालायचं. एवढं एकच मनात आहे. बाकी काही नाही.

मामांचं गाव सांगोल्याजवळ, बैलगाडीनं पन्नास मैल. आणता येईल. पण मग ती मोटार मी बसवायची, रोज सांगोल्याला लोकांना घेऊन पाठवायची, आणि माझी पोर मात्र तीत बसवायची नाही. हे आज दिवसभर हातोडी मारताना डोक्यात होतं.

शुक्र, ९ मार्च

जुनं चेंबर नव्या इंजिनाला लावून पाहिलं. भोकं जुळत नाहीत. जुळली असती तरी काय, त्याला केवढी भेग. तीन बोटं आत जातात.

लिहून टाकतो. ४ फेब्रुवारी. गं. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी होती. अडली. निरोप आला म्हणून मी आणि कासीम मोटार घेऊन गेलो. येताना माणच्या पात्रात खालून धोंडा लागला. कासीमनं गाडी हळू केली. "क्या बजा रे?" मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. म्हणालो, "धोंडा असेल. चालव." पुढे दोन मैल चाललो. तेल सगळं मागे रस्त्यावर सांडत होतं. मग इंजिन आवळलं. लिंबाखाली सतरंजी टाकली. कासीम बैलगाडी आणायला पळत गेला. गाडी आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. बाळ पोटातच.

निघण्याआधी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली होती, वेळेत आणा, होईल.

एवढंच.

रवि, ११ मार्च

आण्णांचा उपाय: इंजिनाखाली लाकडी ठोकळे घालून तेच वर उचलायचं. बघितलं. वरचं झाकण बसत नाही आणि मागच्या चाकांना फिरवणारा दांडा वाकडा जातो. रद्द.

कासीमचा उपाय: विजापूर वेशीजवळच्या भंगारवाल्याकडे तिसऱ्याच मोटारीचं एक चेंबर पडलं होतं, ते उचलून आणलं. पुढे उथळ, मागे खोल. भोकं जवळजवळ जुळतात. अ‍ॅक्सलला कुठे लागत नाही. आण्णा खूश. "झालं की रे! लाव हेच, मंगळवारी गाडी सोडू."

मी पट्टी लावली. मागची बाजू अ‍ॅक्सलच्या खाली चार बोटं लोंबते. पत्राही पातळ, अंगठ्यानं दाबला तर खोक्यासारखा आत जातो.

"नको," म्हणालो.

"का नको? बसतंय की."

"बसतंय. पण नको."

महिन्याभरात कुणाला नाही म्हणालो ते हेच पहिलं. आण्णा बघत राहिले. मी पट्टी खिशात घातली. कासीमला मात्र कळलं. चेंबर उचलून बाहेर नेऊन ठेवलं त्यानं.

सोम, १२ मार्च

डॉक्टरच्या इंजिनाचं मूळचं चेंबर आज काढून जमिनीवर पालथं घातलं. जाड आहे, ओतीव. असं चेंबर टाकून द्यायचं जिवावर येतं. सहज फिरवून धरलं, पुढचं टोक मागे. चौदा भोकांतली बारा जुळली.

दोनदा मोजलं. बाराच. उरलेली दोन नवी पाडता येतील.

उलटं बसवलं तर खोल बाजू अ‍ॅक्सलच्या मागे जाते, आणि अ‍ॅक्सलपेक्षा एक बोट वर राहते. जो धोंडा अ‍ॅक्सलला चुकेल तो चेंबरलाही चुकेल. आतली तेल ओढायची नळी मात्र मागे न्यावी लागेल. टोकाची अर्धगोल खाच तीन सूत (आठ सुतांचा इंच) मोठी पडते, ती भरावी लागेल.

आण्णा म्हणाले, "उलटं? लोक काय म्हणतील?" गाडीखाली झोपून बघणारे लोक किती असतात ते त्यांनीच सांगावं.

बुध, १४ मार्च

अक्काकडे कणकेचा गोळा मागितला. "कशाला?" सांगितलं. चेंबर आणि अ‍ॅक्सल किती अंतरानं राहतात ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मध्ये कणीक लावायची, इंजिन खाली सोडायचं, परत उचलायचं. पिचलेली कणीक जेवढी जाड तेवढं अंतर.

हा गोळा नेहमी गंगा द्यायची. "ह्यो खायचा की इंजिनाला घालायचा?" दर वेळी तेच विचारायची, दर वेळी हसायची. अक्कानं फडक्यात बांधून दिला. मला ते फडकं उघडायला वेळ लागला.

इंजिन सोडलं. कणीक चार सूत. चांगलं. पण गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा चाकांवरच्या कमानी दबतात, त्याचं काय? आण्णांना आणि चार हमालांना पुढच्या टोकावर उभं केलं. आण्णा धोतर सावरत चढले. "उडी मारा," म्हणालो. मारली. कणीक अडीच सूत. पुरे.

उरलेला गोळा अक्काला परत दिला. "तेलकट झालंय, गाईलाही घालायचं न्हाई," म्हणाली.

शुक्र, १६ मार्च

पाडवा. आमच्या घरी यंदा गुढी नाही. गॅरेज बंद. दुपारी एकटाच गेलो.

रॉकेलच्या डब्यांमागे तो पत्रा उभा होता. मला माहीत होतं तिथे आहे. महिनाभर त्या कोपऱ्यात गेलो नाही.

जुन्या चेंबरखाली हा जाड पत्रा असायचा, धोंड्यांसाठी. आठ बोल्टांचा. तेल बदलायचं तर दर वेळी आठही काढा, आठही लावा. शिवाय वाजायचा, आण्णा कुरकुरायचे. दिवाळीत मी तो काढला आणि परत लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलंही नाही. कंटाळा केला.

त्या दिवसानंतर कासीमनं एकदाच विचारलं, "वो नीचे का पत्रा किदर गया रे?" मी म्हणालो, "पडला असेल वाटेत." तेव्हापासून तो सगळ्यांना सांगतो की माणचा रस्ताच खराब. मामांनाही त्यानं तेच सांगितलं आहे.

पत्रा पुसला. गंज फार नाही. त्याला टेकून बसलो बराच वेळ. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

सोम, १९ मार्च

गिरणीतल्या नरसय्याकडून नळी लांबवून आणली, पितळेची झाळ देऊन. टोकाची खाचही त्यानंच भरली. तेलुगू माणूस, मराठी मोजून बोलतो. "नळी लांब. सकाळी चालू केला की लगेच पळवायचं नाही. तेल वर येऊ द्यायचं, मग." दोनदा बजावलं. पैसे विचारले तर हात हलवला. त्याला गं.चं कळलं असावं.

चेंबर चढवलं, बुचाचं पॅकिंग घालून.

मग पत्र्याला नवी भोकं पाडायला घेतली. कासीम आला. पत्र्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"मिल गया?"

"हो."

"कां था?"

"इथेच."

तो जरा उभा राहिला. "अच्छा." गेला. थोड्या वेळानं दोन कप चहा घेऊन आला, एक माझ्यासमोर ठेवला आणि पत्र्याचं दुसरं टोक धरून बसला. भोकं पाडून होईस्तोवर धरून होता.

बुध, २१ मार्च

इंजिन सुरू. मागून तेल पाझरतं. उतरवलं, पॅकिंग बदललं, परत चढवलं. पुन्हा पाझर, कमी. परत उतरवलं. आण्णा म्हणतात थेंबभर तेल प्रत्येकच मोटार गाळते. गाळत असेल.

शुक्र, २३ मार्च

पाझर बंद. गाडीखाली रात्रभर कागद पसरून ठेवला होता, सकाळी कोरडा.

हिपरग्याच्या तळ्याकडच्या चढावर सहा वेळा वर-खाली केली. चढावर तेल मागे पळतं, आता नळीही मागेच आहे, म्हणजे ओढायला अडचण नाही. वर गेल्यावर पुढच्या बेअरिंगच्या बाजूला हात लावून पाहिला. हात ठेवता येतो.

कासीम म्हणाला, "गाडी अच्छी बनी रे." खरं आहे. चांगली झाली आहे. मला त्याचं काही वाटलं नाही.

शनि, २४ मार्च

आण्णांना सांगितलं, उद्या सांगोल्याला रिकामी नेणार. मी आणि कासीमच.

"बाजाराचा दिवस! पॅसेंजर घे की चार."

"नाही."

जाताना म्हणाले, "पोरीला आणतोस ना? मग सावकाश ये."

अक्कानं गौराचं अंथरूण काढून उन्हात टाकलं आहे. मी म्हणालो, आणीनच असं नाही. ती म्हणाली, ऊन तर खाऊ दे.

रवि, २५ मार्च

मामांच्या अंगणात, मोटारीच्या पायरीवर बसून लिहितो आहे. दुपार. वही बरोबर का आणली माहीत नाही.

भीमेच्या वाळूत फळ्या टाकून पार झालो. लिंबाजवळ कासीमनं विचारलं, "रुकू?" नको म्हणालो. मग म्हणालो, थांब. उतरलो. झाडाखाली शेळ्या बसल्या होत्या. परत येऊन बसलो.

माणला मी उतरून चाकांच्या पुढे चाललो, धोंडे बाजूला करत. सगळे होत नाहीत. मध्यावर पत्र्याला एक लागला. आवाज तोच. कासीमनं स्वतःहून इंजिन बंद केलं. मी वाळूत आडवा होऊन बघितलं. पत्र्यावर ओरखडा आहे. चेंबर कोरडं.

मामा कडुलिंबाच्या सावलीत दोरी वळत होते. "या पावनं." पाणी दिलं. गौरा आत झोपली होती, मामींनी उठवली नाही. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. पत्रा होता, मी काढून ठेवला, आठ बोल्टांचा कंटाळा केला. कासीमला खोटं सांगितलं. धोंडा लागला तेव्हा 'चालव' म्हणालो तो मीच. सगळं एका दमात, दुसऱ्याचं सांगावं तसं.

मामांची दोरी चालूच होती.

"तवा पत्रा आसता, तर?"

"तेल गेलं नसतं. गाडी थांबली नसती."

"आन् गंगी?"

"दवाखान्यात पोचली असती. पुढचं मला ठाऊक नाही, मामा."

दोरी थांबली. ते उठले, मोटारीजवळ आले, पागोटं काढून पायरीवर ठेवलं आणि खाली आडवे झाले. या वयात. आतून पत्र्यावर बोटांनी ठोकल्याचा आवाज आला. दोनदा.

"ह्यो त्योच हाय व्हय?"

"तोच."

बराच वेळ ते खालीच होते. मी हात पुढे केला. तो धरला नाही, स्वतःच उठले. पाठीची माती झटकली नाही.

"पोर निजलीया. उटली की तिलाच इचारा, येतीस का म्हनून. मी चल बी म्हननार न्हाय आन् नगं बी म्हननार न्हाय." पागोटं उचललं. मग म्हणाले, "आन् जे मला सांगितलं ते तिला बी सांगा. आज न्हाय. मोटी झाली की. मी आसंन, नसंन."

हो म्हणालो. हे हो सोपं गेलं नाही.

मामी आत भाकऱ्या थापत आहेत, पाच जणांच्या. कासीम ओट्यावर आडवा झाला आहे. मामा पुन्हा दोरीला बसले आहेत, पाठ माझ्याकडे. छातीत काहीतरी दुखतं आहे. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदा.

गौरा अजून उठलेली नाही. इंजिन गार झालं. दोनदा वाकून पाहिलं, खाली एक थेंब नाही.