पुदिन्याची काडी

दादा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच धीर करून लिहितेय. येत असतं तर मी कागद हातात धरला नसता. मलाही लिहिणं कुणी नीट शिकवलं नाही. चौथीत शाळा सुटली, मग पुड्यांचे कागद, पोराची पुस्तकं, दवाखान्यातल्या पाट्या, डोळ्यांपुढे येईल ते वाचत गेले. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं सोडून द्या. आता मी अमेरिकेत असते, पिस्कॅटवेला, पोराकडे. दुपारी घरात कोणी नसतं. कुकर लावलाय, टेबलाशी बसलेय, आणि गॅरेजच्या दाराच्या फटीतून तुमचा, माझ्या बापाचा, वास येतोय.

तो कुठून आला ते सांगते. नातीला वसंतातली सुट्टी लागली तेव्हा पोरानं आम्हा सगळ्यांना मोरोक्को दाखवायला नेलं. तिथं फेझ म्हणून एक जुनं बाजारगाव आहे. आत गाडी शिरत नाही, सगळं पायी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर आपण अंग चोरायचं. सकाळी मी मजेत होते हो. एक बाई फळीवर कणकेचे गोळे मांडून गल्लीतल्या भट्टीकडे निघाली होती. आपल्याकडे दिवाळीत बेकरीवर नानकटाई भाजायला न्यायच्या, तश्शी. बरणीत मिठातली लिंबं होती, तिखट न घातलेलं लोणचंच. मी सुनेला म्हटलं, "बघ गं, बाई कुठलीही असो, मीठ नि लिंबू एकमेकांना शोधून काढतात." ती हसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही इथे एक स्टॉल टाका." 

मग आमचा वाटाड्या ओरडला, भिंतीला चिकटा. मागून गाढव आलं. पाठीवर ओली कातडी लादलेली, पाणी ठिबकतंय. एका कातड्याची कड माझ्या ओढणीला घासून गेली. चुना, ओलं कातडं, आणि खाली काहीतरी कुजलेलं गोडसर, तुमच्या अंगाचा तोच वास. दादा, पंचावन्न वर्षांनी मला कुणीतरी नावानं हाक मारली असं झालं. गाढव पुढे गेलं तरी मी भिंतीलाच चिकटलेली. नात म्हणते, "आजी, आर यू ओके?" मी म्हटलं, चक्कर आली जरा. सून लगेच बीपीची गोळी शोधायला लागली.

पुढचं ठिकाण म्हणजे कातडी कमावायची जागा. एका चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवरून ती दाखवतात. जिना चढण्याआधी दुकानदारानं प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी दिली, वर वास येईल, नाकाला लावा म्हणाला. वरून खाली पाहिलं तर हौदच हौद. रांगोळीचे रंग वाट्यांत काढून ठेवावेत तसे, पांढरे, पिवळे, तांबडे. त्यात मांड्यांपर्यंत उतरून माणसं कातडी तुडवत होती. पांढऱ्या हौदांत कबुतरांची विष्ठा घालतात, त्यानं कातडं मऊ पडतं, असं वाटाड्यानं सांगितलं. तुम्ही असता तर त्याला बाजूला घेऊन तासभर विचारत बसला असता. आपलं काम बाभळीच्या सालीवर नि हिरड्यावर. केस काढलेलं कातडं तुम्ही पखालीसारखं शिवायचात, तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगायचात, आत सालीचं लाल पाणी भरायचात. ते थेंबथेंब खाली घमेल्यात गळायचं आणि गळलेलं पुन्हा वरून ओतायचं. ओतायचं काम माझं. माझे हात कोपरापर्यंत लाल असत. मेंदी काढलीय का, असं मला कधीच कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

गच्चीवर नातीनं काडी नाकात खुपसली. "ओह माय गॉड, इट्स सो ग्रोस. आजी, हू वुड इव्हन डू धिस?" सून दटावते, "बेटा, असं बोलू नये. दे आर पुअर पीपल." पोरगा म्हणतो, "बघ, म्हणून अभ्यास कर. तुझे पणजोबा खेड्यात राहून टीचर झाले, माहितीय ना?"

हे तुम्हाला कसं सांगू? हो, तुम्ही टीचर झालात. मीच केलं तुम्हाला. लग्नानंतर आम्ही नवराबायको पुण्याला आलो, आडनाव बदललं, आणि भाड्याची खोली देताना मालकिणीनं विचारलं, वडील काय करतात? माझ्या तोंडून निघून गेलं, शाळेत मास्तर आहेत. एक खोटं बोललं की त्याला पाळावं लागतं, लेकरासारखं. पोराला तेच सांगितलं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना तेच. तुम्ही गेलात तेव्हा पोरगा दोन वर्षांचा, त्याला तुमचे हात आठवत नाहीत. आणि मास्तरच का म्हणाले मी, तर मला दुसरा कुठला मोठा माणूस ठाऊकच नव्हता.

तो मास्तर तुम्हाला आठवत असेल. चौथीत गेले तेव्हा तुम्ही मला दप्तर केलंत. वासराचं कातडं, चार महिने तुम्ही त्याला पाणी पाजत होता, मला हात लावू दिला नाहीत. दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या पोरींनी नाकाला परकर लावले. मी येताना ते दप्तर ओढ्याच्या डोहात टाकलं आणि घरी येऊन सांगितलं, चोरीला गेलं. सकाळी शाळा भरताच तुम्ही तिथं गेलात, मला हाताला धरून. तुम्ही पायरीच्या खाली उभे, डोईचं मुंडासं हातात. मी आत माझ्या जागेवर. मास्तर म्हणाला, "अरे, तुझं कातडं चोरून कोण आपलं घर बाटवील?" पोरं हसली. मी पाटीवरून मान वर केली नाही. तुम्ही हात जोडलेत, "चुकलं, मास्तर," म्हणालात, आणि गेलात. आठ दिवसांनी कुणा गुराख्यानं दप्तर आणून दिलं. तुम्ही ते वाळवलंत, तेल चोळलंत, खुंटीला अडकवलंत. मला काहीच विचारलं नाहीत. मी मात्र त्या दिवसानंतर शाळेचं नाव काढलं नाही आणि तुम्हीही जा म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "पाणी नीट ओत. सांडतंय." तुम्ही गेलात तेव्हाही ते खुंटीलाच होतं.

ज्यानं तुम्हाला पायरीखाली उभं केलं, दादा, त्याचाच हुद्दा मी तुम्हाला दिला.

गच्चीवरून खाली दुकानात आलो. नातीला शाळेसाठी एक पिवळी बॅग आवडली, खांद्याला लावायची. तिनं ती माझ्या हातात दिली, "आजी, फील इट." आणि माझ्या हातांनी माझी परवानगी न घेता जे करायचं ते केलं. कातड्याची कड धरली, बाहेरची बाजू वर घेऊन घडी घातली, घडीवर अंगठा दाबला. तुमच्यासारखा. पांढरी रेघ उठली तर आतून कच्चं, नाही उठली तर तयार. रेघ उठली. कच्चं, अशी मी मान हलवली. म्हातारा दुकानदार माझ्या अंगठ्याकडेच बघत होता. तो वाटाड्याला काहीतरी बोलला आणि पहिल्यांदाच मनापासून हसला. वाटाड्या म्हणाला, तो विचारतोय, ह्या बाईंच्या घरात कोण चामड्याचं काम करतं?

पोरगा हसला. "नो नो. हर फादर वॉज अ टीचर."

म्हाताऱ्यानं ते ऐकलं, तरी माझ्याकडेच बघत राहिला. त्यानं आपला हात पुढे केला. नखांच्या कडा पिवळ्या, कातडी सुरकुतलेली, हौदात उतरलेल्याचा हात. तो काय सांगत होता ते न कळायला मी काही वेडी नाही. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. नात माझ्या दंडाला धरून उभी होती. मी म्हटलं, "नाही. कोणी नाही." वाटाड्यानं ते त्याला सांगितलं. त्यानं हात मागे घेतला आणि बॅग कागदात बांधायला लागला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बॅग गॅरेजमध्ये गेली. कच्चं कातडं, वास कसला जातोय. सुनेनं सोडा टाकून बघितला, कॉफीची पूड टाकून बघितली. नात म्हणाली, "कॅन वी जस्ट डोनेट इट? एव्हरीवन विल लाफ." दादा, तिला मी कुठल्या तोंडानं काही म्हणणार होते? गॅरेजच्या खिळ्याला ती अडकवली, तुमच्या खुंटीसारखी, आणि रोज सगळे बाहेर गेले की तेलाचा बोळा फिरवते. 

काल शाळेतून ती आपल्या घराण्यावर प्रोजेक्ट घेऊन आली. मोठा कागद, झाडाचं चित्र. तुमच्या नावाखाली तिनं वळणदार अक्षरात टीचर लिहिलंय. पेन्सिल कानावर ठेवून मला विचारते, "आजी, पणजोबा कुठला सब्जेक्ट शिकवायचे?" घरात आम्ही दोघीच होतो. दार बंद, हसायला कुणी नाही. एवढी सोपी वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळायची नाही, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

मी म्हटलं, "गणित."

तिनं लिहून घेतलं. तिला गणितात चांगले मार्क पडतात, म्हणून खूश झाली. म्हणाली, "आय गॉट इट फ्रॉम हिम."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. हा कागद घडी घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवीन. ती बॅग कोणी उघडत नाही, आणि दान केली तर जो घेईल त्याला मराठी येणार नाही. तिथं तो सुखरूप राहील. पण ठेवण्याआधी एक राहिलं. गच्चीवर पुदिना नातीनं लावला ते सांगितलं, माझं सांगितलं नाही. मला तो वास घाण वाटत नव्हता. मला बरं वाटत होतं, लहानपणी तुमच्या पाठीशी निजल्यासारखं. तरी सगळे बघत होते, म्हणून मीही काडी नाकाला लावली, आणि खाली उतरेपर्यंत काढली नाही.