पिवळ्या रेनकोटमधली बाई

रविवार संध्याकाळ, उंटरश्लाइसहाइम

आज शेवटी ईराला घेऊन आमचा सिनेमा बघितला. आमचा म्हणजे, ज्याच्या इफेक्ट्सवर आमच्या स्टुडिओने वर्षभर डोळे फोडले तो. पैसा पाण्यासारखा ओतलाय, आणि मी चक्क जांभया देत होते. गेल्या महिन्यात बघितलेला दुसऱ्या कंपनीचा सुपरहिरो किती साधा! पण तो कोसळणारी ट्राम धरतो, तेव्हा आतल्या आजोबांच्या हातातला पाव खाली पडतो. काळजात धस्स झालं होतं.

आमच्याकडे अख्खं शहर पडलं आणि काहीच वाटलं नाही. ईराने हळूच जर्मनमध्ये विचारलं, "आई, वो झिंड डी लॉयटे?" माणसं कुठायत?

होती गं माणसं. शूटिंग झालं तेव्हा रस्ता भरलेला होता. मग वरून निरोप आला, कुणी मरतंय असं वाटायला नको, रस्ता रिकामा करा. ते काम माझ्याकडे. एकेक फ्रेम घेऊन मी माणसं पुसली. आता वाचवायलाच कुणी नाही, तर हा हिरो उडतो कशाला?

पिवळ्या रेनकोटमधली एक बाई शेवटपर्यंत राहिली होती. बेकरीचं दार उघडं धरून मागे बघत उभी. तिलाही पुसलं. दाराचं मात्र लक्षातच आलं नाही.

आज पडद्यावर ते दार तसंच उघडं होतं, धरणारं कुणी नसताना. पिवळा रेनकोट मला तरीही दिसत राहिला. ती ज्याच्यासाठी थांबली होती, त्याला तर मी तिच्याही आधी पुसलं होतं.