माझ्या शिवणीवर आळ

शके १८१६, कार्तिक वद्य ३, शुक्रवार. ठाणे.

उडायच्या यंत्राचा डावा पंख संपला. उजव्याच्या तीन फासळ्यांवरचं कापड राहिलं. मेण लावलेल्या दोऱ्याने बोट चिरलं, हळद भरून बसले आहे. पण शिवण अशी बसली आहे की माझीच मला दृष्ट लागावी.

जर्मनीहून मागवलेल्या पेटीत सगळं तयार आलं होतं. काठ्यांना आकडे घातलेले, तारांची वेटोळी, वर नकाशा. घरी बसून जोडायचं आणि टेकडीवरून वाऱ्यावर तरंगत खाली यायचं. कापड तेवढं बोटीत भिजून कुजलं. मग यंत्र मागवणाऱ्या मंडळाला आठवण झाली की घरात एक बाई आहे आणि तिला सुई धरता येते.

टाका हिरू तांडेलचा. चेंदणीच्या बंदरावर गलबतांची शिडं शिवतो. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोनदा शिवायच्या. वाऱ्याने ताण दिला की आणखी आवळते. काल पाहून गेला. नखाने ओढलं, दाताने ओढलं. "बाय, आता माजी शिडा पन तूच शिव," म्हणाला. दिवसभर तेच आठवून हसू येत होतं.

कार्तिक वद्य ५, रविवार.

ओटीवर मंडळाची बैठक. चहा तीनदा. मी माजघरातून ऐकत होते.

अध्यक्ष वकीलसाहेब (पुढे व.सा. लिहीन, त्यांच्यासाठी एवढी शाई नको). अध्यक्ष का, तर वखार त्यांची आणि डोंबिवलीकडचा माळही त्यांचा. काठी एक तासलेली नाही. नकाशा वाचून यंत्र जोडलं ते इकडून, रेल्वेच्या कचेरीत दिवसभर नकाशे काढून आल्यावर. तारा ओढल्या हिरूने. उडणार धाकटे दीर, वामनभावोजी, अंगाने हलके म्हणून. डोक्यानेही आहेत, पण ते कोणी बोललं नाही.

कल्याणच्या मंडळाची एक चाल आपणही घ्यायची ठरलं. ज्याने जो भाग केला त्याने तो शेवटचा तपासून त्यावर आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. त्यानंतर त्या भागाला कोणी हात लावायचा नाही. एक दोरा कमी तर उडणं बंद. व.सा. म्हणाले, "वहिनींचा दोरा कशाला? त्या थोड्याच मंडळात आहेत?" इकडून विचारलं गेलं, "मग शिवण कोणी तपासायची, तुम्ही?" सगळे हसले. माझा हिरवा मंजूर झाला. इतका आनंद झाला की उठून शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

मार्गशीर्ष शुद्ध ३, शुक्रवार.

दोन्ही पंखांची शिवण इंच न् इंच बोटाने चाचपून हिरवा दोरा बांधला. हिरूच्या होडीतून पंख डोंबिवलीच्या वखारीत गेले.

कल्याणकरांनी शिवणीचा नमुना मागितला होता, वीतभर तुकडा पाठवला होता. त्यावरून त्यांनी आपले दोन्ही पंख शिवून घेतले म्हणे. या पंधरवड्याच्या पत्रकात ती बातमी आहे. पत्रक मंडळाचं, अक्षर माझं: चार प्रती, कल्याण, भिवंडी, पनवेल, एक आपल्या दप्तरी. सगळ्यांच्या कामाचा नावानिशी उल्लेख. माझ्याबद्दल, "शिवणकाम घरीच झाले." आपोआप झाले जणू. लिहिताना टाक कागदात रुतला.

मार्गशीर्ष शुद्ध १२, रविवार.

भावोजी पडले.

जिवंत आहेत. मांडीचं हाड मोडलं, कपाळाला खोक. पंखाच्याच कापडाची झोळी करून आणलं. डॉक्टर येऊन फळ्या बांधून गेले. सासूबाई देवापुढून उठत नाहीत.

पन्नास पावलं छान तरंगले, मग उजवा पंख मधोमध टर्रकन गेला, असं सांगतात. दारातून जाता जाता व.सा. कोणाला तरी म्हणाले ते मी ऐकलं: "बायकी शिवण. दुसरं काय होणार."

माझ्या शिवणीने भावोजी पडले? पुरे.

मार्गशीर्ष शुद्ध १३, सोमवार.

झोळीचं कापड धुवायला घेतलं. रक्त, माती. उलगडलं तर मधोमध एक लाल पट्टी. मी लाल कापड वापरलेलंच नाही. पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत व.सां.चं नाव, पुढे अध्यक्ष.

पट्टी बसवायला माझी शिवण दोन हात उसवली आहे. माझ्या सुईची जुनी भोकं तशीच दिसतात. त्यांच्याशेजारी शिंप्याच्या मशीनचा एकेरी टाका, कडा न दुमडता. कापड फाटलं ते तिथेच, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी शिवण दोन्ही बाजूंना जशीच्या तशी आहे.

आणि त्याच पंखावर माझा हिरवा दोरा बांधलेला. बघणारा म्हणणार, बाईने तपासून दोरा बांधला होता की!

इकडून कचेरीतून येणं झालं तेव्हा कापड समोर धरलं.

"हे आपल्याला ठाऊक होतं?"

"अगं, त्यांची हौस. फोटोवाला येणार होता. नाव दिसावं एवढंच."

"दोरा बांधल्यावर उसवलं?"

"वखार त्यांची आहे."

चूल आपली, भाऊ आपला, मांडी आपल्या भावाची, आणि वखार त्यांची! मी एवढं मोठ्याने बोलले की सासूबाई आतून "काय गं?" म्हणाल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतका आवाज कधी चढवला नव्हता. आज चढवला आणि लाज वाटली नाही.

मार्गशीर्ष वद्य २, शुक्रवार.

हिरू भावोजींना पाहायला आला, बरोबर नारळ. त्याला कापड दाखवलं. उकिडवा बसून बराच वेळ पाहिलं. "यो टाका तुजा नाय, बाय. ह्यो तं चोळीचा टाका. ह्याच्यावर मानूस सोरला त्यांनी?" त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पट्टी शिवली तेव्हा आणि उडण्याच्या दिवशीही तो भरतीवर गलबत घेऊन गेला होता. तो असता तर शिंप्यालाच खाडीत लोटला असता. मी म्हटलं, शिंप्याचा काय दोष, त्याला सांगितलं ते त्याने शिवलं.

भावोजींना पट्टीचं आधीच ठाऊक होतं. उडायच्या आधी पाहिली होती! "वहिनी, राहू दे ना. पाय बरा झाला की मला परत उडायचंय. व.सा. रागावले तर माळ कुठला, वखार कुठली?" पेज भरवली. दुसऱ्या घासाला म्हणतात कसे, "पण वहिनी, ती पन्नास पावलं..." डोळे असे चमकले की मला रडूच आलं. रागाने की कशाने, कळलं नाही.

मार्गशीर्ष वद्य ९, शुक्रवार.

पत्रकाचा मजकूर व.सां.कडून आला. गुमास्त्याच्या हातचं ओबडधोबड अक्षर, खाली सूचना: वहिनींकडून सुवाच्य चार प्रती कराव्या.

त्यातली ओळ इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मला कोणी खोटं पाडू नये. "अपघाताचे कारण उघड आहे. पंखाची दुमडलेली शिडाची शिवण स्त्रीहस्ताची असल्याने ताण सोसू शकली नाही. सबब सर्व मंडळांनी असे पंख उसवून शिंप्याकडून मशीनचा टाका घालून घ्यावा."

माझ्याच हाताने, चार वेळा, सुवाच्य!

पत्रक टोपलीत टाकलं. इकडून ते उचलून शिंकाळ्यात ठेवलं गेलं.

पौष शुद्ध ३, रविवार.

नऊ दिवस झाले, मी टाक उचललेला नाही. घरात बोलणं मोजकं. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "तुमच्या शिवणीनं घात केला म्हणे?" गल्लीत पोचलंच तर. याच काकूंनी दिवाळीत माझ्याकडून परकर शिवून घेतला, तो अंगावर घालून विचारत होत्या.

आज इकडून समजूत घालणं झालं. "एक ओळ आहे गं. कोण वाचतंय?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कल्याणकर वाचतील! त्यांचे पंख माझ्या नमुन्यावरून शिवलेले आहेत, चांगले आहेत. हे पत्रक मिळालं की ते ती शिवण उसवतील आणि शिंप्याकडे नेतील. पौष शुद्ध दशमीला त्यांचं उडणं आहे. म्हणजे जो टाका फाटून भावोजी पडले, तोच टाका त्यांच्या माणसाखाली घातला जाणार, आणि तो घाला म्हणून सांगणारं अक्षर माझं असणार.

हे सगळं बोलून दाखवलं. इकडून पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणणं झालं, "व.सां.ना सांगून पाहतो."

पौष शुद्ध ५, मंगळवार.

सांगून पाहिलं. व.सा. म्हणाले, "वकिली मला शिकवू नका." शिवाय पुढच्या यंत्राची पेटीही तेच मागवणार आहेत म्हणे. घरी येऊन हे मला सांगताना इकडचा चेहरा मार खाल्लेल्या मुलासारखा होता. दया आली. पण दयेने कल्याणच्या माणसाचं हाड वाचत नाही.

आजवर मला वाटत होतं, राग माझ्या नावासाठी आहे. नावासाठी आहेच, खोटं का बोलू? माझी शिवण चांगली आहे, आणि ती वाईट म्हणणाऱ्याचं तोंड बघवत नाही. पण आता नुसतं तेवढं राहिलं नाही.

पौष शुद्ध ७, गुरुवार.

टाक उचलला. चार प्रती केल्या, अक्षर नेहमीपेक्षा चांगलं. व.सां.चा सगळा मजकूर उतरवला, त्यांची ओळ मात्र गाळली. तिच्या जागी लिहिलं:

"उजव्या पंखावर दोरा बांधून झाल्यावर नावाची लाल पट्टी बसवण्यासाठी मूळ शिवण दोन हात उसवून तेथे मशीनचा एकेरी टाका घातला होता. पंख त्याच जागी फाटला. मूळ शिवण शाबूत आहे. कापड ठाण्यास आमचे घरी केव्हाही पाहावे. कल्याणकरांनी आपली शिवण मुळीच उसवू नये."

खाली प्रथमच सही केली. नाव पुरतं लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. त्यांचं नाव उच्चारायचं नसतं, लिहायला कोणी मनाई केलेली नाही.

चारही प्रती इकडे हातात दिल्या. उभ्याने वाचणं झालं. मी दाराला धरून उभी होते. वाटलं, आता फाडतील. नाही फाडलं. घडी करून कोटाच्या उजव्या खिशात. मग शिंकाळ्यातला व.सां.चा कागद काढला आणि तोही खिशात ठेवला, डाव्या. "उद्या कामाने कल्याणला जायचंच आहे," एवढंच बोलणं.

दोन खिसे कशाला?

पौष शुद्ध ८, शुक्रवार.

दिवसभर हाताला काम सुचेना. तांदूळ दोनदा निवडले. भावोजींनी तीनदा हाक मारली तेव्हा उठले. फळ्यांमुळे त्यांना कूस बदलता येत नाही. उशी सारखी करताना विचारलं, "कल्याणहून कोण उडणार?" म्हणाले, "तिथल्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. तीन मुली आहेत त्यांना." हे मला आजच का सांगावं?

दिवेलागणीला इकडून येणं झालं. पाय धुवायला गेल्यावर खुंटीवरचा कोट चाचपला. उजवा खिसा रिकामा. डावाही रिकामा.

पाटावर बसणं झाल्यावर विचारलं, "दिलं?"

"दिलं."

"कुठलं?"

भात कालवण्यात लक्ष. "वाढ," म्हणाले. मी वाढलं. आमटी खारट झाली होती, तीही सगळी संपवली. मला वाटतं खरंच दिलं. मग वाटतं, खरं दिलं असतं तर सांगितलं असतं. अकरा वर्षं या माणसाची उष्टी काढते आहे, आणि त्याच्या तोंडावरून मला एवढंही वाचता येत नाही, याचा संताप जास्त आहे.

हिरूकडे शेजारच्या मुलीबरोबर निरोप धाडला होता. तिने त्याचे शब्द तसेच आणले: "दशमीची भरती सकालची हाय. बायला कल्यानला जायाचं असंल तं उजारता बंदरावं ये म्हनावं. कापर इसरू नको."

परवा रविवार, दशमी; मास्तर उडायच्या आत कापड त्यांच्यापुढे धरायचं. फाटलेलं कापड घडी करून पदराखाली मावेल एवढं केलं आहे. सासूबाईंना काय सांगायचं ते ठरलेलं नाही.