तिसऱ्या पेशीचं प्रमोशन

४ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी आज स्पष्टच सांगितलं. हिच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या बघणाऱ्या पेशी संपल्या. आधी दंडपेशी गेल्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या. म्हणून संध्याकाळ झाली की ही भिंतीला हात लावत चालायची आणि मी म्हणायचो, जरा खाली बघून चाल. मागोमाग शंकूपेशी गेल्या, रंग बघणाऱ्या. आता इलाज नाही म्हणाल्या.

जाता जाता मात्र मॅडमच्या तोंडून एक गोष्ट निसटली. पडद्यावर तिसऱ्या प्रकारच्याही थोड्या पेशी असतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं प्रोटीन असतं, त्याला उजेड कळतो, त्यातही निळा जास्त. हिच्या त्या पेशी शाबूत आहेत. म्हणून हिला सकाळी उजेडात बसवा, झोप नीट लागेल. मी विचारलं, मग त्याच पेशींना बघायला लावलं तर? मॅडम म्हणाल्या, त्यांचं ते काम नाही. दिवस आहे की रात्र एवढं त्या शरीराला कळवतात, बाहुली लहानमोठी करतात. चित्र बनवत नाहीत.

काम नाही म्हणजे काय? आमचा सेल्समन सोडून गेला तेव्हा मी वॉचमनलाच काउंटरवर बसवलं. आज तो झुंबरं विकतो. माझं दिव्यांचं दुकान आहे. उजेडाबद्दल मला कोणी शिकवू नये.

५ फेब्रुवारी
संकल्प: उन्हाळा संपायच्या आत हिला दिसायला लागलं पाहिजे. लेकीला इतक्यात सांगायचं नाही. सरप्राइज.

८ फेब्रुवारी
हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये निळ्या ट्यूब लावल्या. शोरूम क्वालिटी. हिला काही सांगितलं नव्हतं. मी स्टुलावर असताना हिने विचारलं, काय ठोकताय. मी म्हटलं, तुझं नशीब. ही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

११ फेब्रुवारी, सकाळ
हिच्या डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुली आकसली. बंद केला, मोठी झाली. पुन्हा मारला, पुन्हा आकसली. मला एकदम भरून आलं. मॅडमना दुकानातून फोन केला. त्या म्हणाल्या, बाहुली आकसणं म्हणजे दिसणं नव्हे, मी सांगितलं होतं तुम्हाला. बाई हुशार आहेत, पण दुकानदारीचा अनुभव नाही. गिऱ्हाईक नुसतं दारात थांबलं तरी आम्हाला कळतं, आत येणार.

१४ फेब्रुवारी
अंध बायकांच्या ट्रेनिंग सेंटरमधून फोन. तिथे राहून पांढरी काठी घेऊन चालायला शिकायचं, बोटांनी वाचायला शिकायचं. हिने लेकीकरवी नाव घातलं होतं, मला न विचारता. एक जागा आहे, आठवड्यात कळवा म्हणाल्या. मी म्हटलं, आठवडा कशाला, आत्ताच कळवतो. गरज नाही. ट्रीटमेंट चालू आहे.

हिला सांगितलं नाही. सुधारणाऱ्या पेशंटच्या हातात काठी द्यायची म्हणजे पेशींचा अपमान आहे.

१५ फेब्रुवारी
आजपासून परीक्षा. हिला खुर्चीत बसवलं. डावीकडे एक दिवा, उजवीकडे एक. मी स्विचबोर्डापाशी उभा राहून एकेक लावणार, हिने सांगायचं कुठला. पहिल्यांदा चुकली. माझा चेहरा पडला असणार, पण तो हिला कुठला दिसायला. तरी ही म्हणाली, पुन्हा विचारा बरं. त्यानंतर एकही चूक नाही. डावा म्हणजे डावा, उजवा म्हणजे उजवा.

मी जेवताना गुणगुणत होतो असं ही म्हणाली. असेन.

१७ फेब्रुवारी
परीक्षेत शंभर टक्के. फक्त हिला झोप लागत नाही. रात्रभर कूस बदलते आणि सकाळी भाजी निवडता निवडता डुलक्या घेते. माझं निदान: पेशी ओव्हरटाइम करतायत. संध्याकाळचा निळ्या उजेडाचा डोस वाढवला.

१८ फेब्रुवारी
तिसऱ्या ट्यूबच्या स्टँडसाठी जेवायचं टेबल खिडकीकडे सरकवलं. ही दुधाचं पातेलं घेऊन नेहमीच्या अंदाजाने आली आणि टेबलावर आदळली. गुडघा फुटला, दूध सांडलं. फरशी पुसताना ही म्हणाली, अख्खं घर मी पाठ केलंय हो, तेवढं तरी राहू द्या. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. मी म्हटलं, लवकरच पाठ करायची गरज उरणार नाही. त्यावर ही काही बोलली नाही. मान्य असणार.

१९ फेब्रुवारी
लेक आली. घर बघून म्हणाली, बाबा, हे काय, मासे पाळलेत का? मी तिला बसवून परीक्षा दाखवली. हिने सगळी उत्तरं बरोबर दिली. माझी छाती फुगली. लेकीने मग आईला उठवलं, स्वतः खुर्चीत बसली, ओढणीने डोळे घट्ट बांधले आणि म्हणाली, आता मला विचारा.

लेकीचीही सगळी बरोबर. ओढणी सोडून म्हणाली, डावं बटण खट वाजतं, उजवं टक. तुम्ही बटणं विकता बाबा.

लेकीचे डोळे मुळात चांगले आहेत, त्यामुळे तिचा प्रयोग बाद.

१९ फेब्रुवारी, दुपार
लेकीने सेंटरचा विषय काढला. मी म्हटलं, नाही म्हणून कळवलंय. मग ही रडू लागली. डॉक्टरांनी इलाज नाही म्हटलं तेव्हा रडली नव्हती, गुडघा फुटला तेव्हा रडली नव्हती, आज रडली. म्हणाली, पहिल्यांदा चुकले तेव्हा तुमचा श्वासच अडकला, तो ऐकवेना, म्हणून मग बटणं ऐकली. तुम्ही खूश होऊन गुणगुणता, तेवढं ऐकायला खोटं बोलत राहिले. पण आता झोप नाही, घर ओळखीचं राहिलं नाही. मला उजेड नको, काठी पाहिजे.

लेकीने तिथल्या तिथे फोन लावला. सेंटरच्या बाई म्हणाल्या, जागा ठेवलीय. नवऱ्यांचे असे फोन आम्हाला नेहमी येतात, म्हणून आठवडा उलटल्याशिवाय आम्ही जागा सोडत नाही.

नेहमी येतात म्हणे. त्या नवऱ्यांचं दिव्यांचं दुकान नसणार.

२४ फेब्रुवारी
हिला पोचवून आलो. तीन महिन्यांचा कोर्स. बॅग लेकीने भरली. मी निळा टेबललॅम्प आत सरकवला होता, तो हिने हाताने चाचपून बाहेर काढून ठेवला. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलं. लहान मुलाला थोपटतात तसं.

घरी चैन पडत नाही. असो. हवापालट पेशींना मानवेल.

३ मार्च
फोनवर हिचा आवाज वेगळाच येतो. उत्साही. म्हणाली, रात्री मस्त झोप लागते. सकाळी सगळ्या जणी व्हरांड्यात उन्हात बसतात. म्हणजे लाइट थेरपीच की. माझंच करतायत, नाव मात्र त्यांचं. दिसण्याचं विचारलं तर म्हणाली, जिना एकटी उतरले.

मी दिसण्याचं विचारलं होतं.

१८ मार्च
ठरवलं. अचानक जाऊन उभं राहायचं. बोलायचं नाही. आवाजावरून ओळखलं तर ती परीक्षा नव्हे, यावेळी बटणंही नाहीत. खिडकीशी भरपूर उजेडात उभा राहीन. अंगात निळा शर्ट, कारण त्या पेशींना निळं आवडतं. नवा घेतलाय. नव्या कापडाला माझा वास नसतो, म्हणजे तीही शंका नको. एवढ्या बंदोबस्तात हिने मला ओळखलं तर मॅडमना पेढे नेऊन द्यायचे.

१९ मार्च
गेलो. लांबलचक कॉरिडॉर, एका बाजूला खिडक्या. उजेड उत्तम. मी मधल्या खिडकीशी उभा राहिलो.

ही समोरून आली. एकटी. हातात पांढरी काठी, डावीकडे टक, उजवीकडे टक. मान ताठ. लग्नानंतरच्या दिवसांत चालायची तशी चालत होती. गेली कित्येक वर्षं मी हिला असं चालताना बघितलं नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी श्वास रोखून धरला. चेहरा अगदी माझ्याकडे होता. माझी खात्री झाली.

काठी माझ्या बुटाला लागली. ही थांबली. सॉरी म्हणाली, लागलं नाही ना विचारलं, परक्या माणसाला विचारतात तसं अदबीने.

मी मान हलवली. नाही म्हणून.

ही उत्तरासाठी थोडी थांबली. मग काठीने माझ्या बाजूने वाट काढली आणि पुढे गेली.

हिला दिसत नाही. इतक्या पानांत हे वाक्य मी एकदाही लिहिलं नव्हतं. हिला दिसत नाही, दिसणार नाही, आणि हे हिला माझ्या कितीतरी आधी समजलं होतं. एवढे दिवस ही अंधारात एकटी होती. मी शेजारी बसून बटणं दाबत होतो.

कॉरिडॉर संपेपर्यंत ही गेली तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. हाक मारली. ही गर्रकन वळली, तोंडभर हसली, काठी आपटत लगबगीने परत आली. माझा हात धरला आणि विचारलं, अहो, कधी आलात?

आत्ताच, म्हणालो.