टिलीची क्रियापदं

२ नोव्हेंबर, रविवार. मनामा

पोचलो एकदाचा. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, सोन्याच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्यात. मुनीराबाई इथे जुन्या रेकॉर्डींचं छोटं संग्रहालय उघडतायत. त्यांना एका पेटीत बर्लिनच्या टिली नावाच्या कॅबरे कलाकाराची १९३७ सालची वही मिळाली. ती मी इंग्रजीत आणायची. पुण्यात अठरा वर्षं जर्मन व्याकरण शिकवलं, त्याचं असं सोनं होईल असं वाटलं नव्हतं. संग्रहालयातले कारकून अलीमियाँ रत्नागिरीचे. पुणेकर असून सुरमईचं कालवण दुसऱ्यांदा मागितलं म्हणून त्यांनी माझी बरीच थट्टा केली. वीस तारखेला माझी बायको पूर्णिमा येतेय. तोवर पडदे लावायला हवेत.

५ नोव्हेंबर

माझी जुनी सवय, कच्चा खर्डा आधी मराठीत. टिली फार चटपटीत लिहिते. सत्तेवरच्यांची टिंगल करणारी गाणी म्हटली, पुढच्या रांगेतले पोलीस पोट धरून हसले आणि मग त्यांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. वहीतल्या तारखाही नोव्हेंबरच्याच आहेत, म्हणून मी त्या त्या दिवशीचं पान त्या त्या दिवशी करतो. तेवढीच गंमत.

९ नोव्हेंबर

घोटाळा झाला. आजच्या पानावर पोलीस टिलीला हाइनरिख म्हणतात. टिली पुरुष आहे. जर्मनमधल्या ‘मी’वरून काही कळत नाही, आणि मी नावावर विसंबून सगळीकडे ‘मी गेले, मी गायले’ करून बसलो. दिवसभर बसून एकूणएक क्रियापद सुधारलं. गेलो, गायलो. अलीमियाँ म्हणाले, आता खलास, बरोबर झालं.

१० नोव्हेंबर

आजचं पान वाचून कानाखाली बसल्यासारखं झालं. पोलिसांनी टिलीकडून एकच वाक्य शंभरदा लिहून घेतलं: मी हाइनरिख, मी पुरुष. म्हणजे काल मी जे केलं तेच. लाज वाटली. सगळं पुन्हा ‘गेले’ करायचं ठरवून आज लवकरच संग्रहालयात आले.

‘आले’ लिहिलंय मी. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

१३ नोव्हेंबर

वहीत: जाहिरातीवरच्या टिलीच्या नावावर कागद चिकटवला.

माझ्या टेबलावरच्या ‘मयुरेश’ या पाटीवर आज कोरा कागद चिकटवलेला होता. मुनीराबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मयुरेश नावाचं इथे कुणी नाही. अलीमियाँनी मला अगदी अदबीनं, बाई, कोण हवंय, असं विचारलं. मी टेबलाशी जाऊन बसले. खर्डा दुरुस्त करायला उघडला तर पानं कोरी.

बाईचं क्रियापद लिहिण्याची मला भीती नाही. त्यात भिण्यासारखं काय आहे? भीती तारखांची आहे, वहीत ज्या दिवशी जे घडलं ते इथे त्याच दिवशी घडतंय. खरं तर तीही नीट वाटत नाही.

१७ नोव्हेंबर

शेवटचं पान आजच वाचून टाकलं. अक्षर टिलीचं नाही, शेजारणीचं. वीस तारखेला टिलीची मैत्रीण गाडीनं आली. दार वाजवलं. टिलीनं उघडलं. मैत्रिणीच्या मागे जिन्यात माणसं उभी होती. दोघींना नेलं. पुन्हा कुणी पाहिलं नाही.

पूर्णिमाला फोन केला. येऊ नकोस म्हणाले. तिनं विचारलं, तुम्ही कोण, मयुरेशला फोन द्या. मग तिनं फोन ठेवला.

आता ती येणारच.

२० नोव्हेंबर, दुपार

ठरवलंय. उघडायचं नाही. मी गेले तरी चालेल, ती —

दार वाजलं. मयुरेश, मयुरेश. तिच्या बॅगेची चाकं ऐकू येतायत.

आतूनच सांगितलं, इथे मयुरेश म्हणून कुणी राहत नाही. ती रडते आहे. मला रडू येत नाही —

निघाली. बॅग पायऱ्यांवर आपटते आहे. बरं झालं. जा —

थांबली. खाली पुरुषाचा आवाज. जर्मन. तिला नाव विचारतोय. पूर्णिमाला जर्मन येत नाही, पण नाव विचारलेलं कुणालाही कळतं. तिनं सांगितलं. पूर्ण नाव, मधलं माझं. आता तो तिला —

मी कडी काढते आ